पागोळीची हद्द

आमच्या लियाओ कुळाच्या कुलमंदिरात पितरांच्या नावांच्या लाकडी पाट्या ओळीने मांडलेल्या आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्यासमोर उभे राहून विधी सांगण्याचे काम माझ्याकडे होते. वडिलांनी मला नियम थोडेच शिकवले होते. पाट्यांसमोर आवाज चढवू नये, अंगणात थुंकू नये, आणि ज्याची नंतर लाज वाटेल असे काही मागू नये. त्या शरद ऋतूत एकाच दुपारी हे सारे नियम मोडलेले मी पाहिले, आणि मोडणारे सगळे माझ्याच रक्ताचे होते.

निमित्त झाले घरांच्या मोजणीचे. खोऱ्यातल्या प्रत्येक घराची जागा मोजून मालकाला दाखला मिळणार होता, आणि मोजणी फीत धरून नव्हे तर ड्रोन उडवून होणार होती. त्यासाठी जिल्ह्याच्या शहरातून तोंग नावाची इंजिनियर आली होती. केस आखूड, चेहरा उन्हाने रापलेला, आणि बोलताना सूर्यफुलाच्या बिया सोलत राहण्याची सवय. पहिल्या दिवशी तिने कुलमंदिराच्या अंगणातल्या दगडी मेजावर ते यंत्र ठेवले. जमलेल्या मंडळींना ते एखाद्या मोठ्या कोळ्यासारखे दिसले असावे, कारण पुढची रांग जराशी मागे सरकली.

"याला पाच डोळे आहेत," ती म्हणाली. "एक सरळ खाली बघतो, बाकीचे चारी दिशांना तिरके. सरळ डोळ्याला तुमची कौलं दिसतात, बस्स. तिरक्या डोळ्यांना कौलांखालची भिंत दिसते, भिंतीचा पाया दिसतो, दारातली चप्पलसुद्धा दिसते."

"आणि दारातली बायको?" मागून कोणीतरी विचारले.

"हलत नसेल तर दिसेल. आम्ही शेकडो फोटो एकमेकांवर बसवतो. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, असं जे काही असेल ते गळून जातं. हलणारी वस्तू आमच्या चित्रात टिकत नाही."

"मग माझी नक्की टिकेल," तो म्हणाला, आणि सारे अंगण हसले. त्याच्या बायकोने त्याच्या पाठीत चापट मारली ती मात्र खरोखरीची होती.

आमचा गटप्रमुख बाओलिन हा नात्याने माझा पुतण्या. कामाचा माणूस आहे, पण कोणाचेही बोलणे शेवटपर्यंत ऐकण्याची सहनशक्ती त्याला देवाने दिलेली नाही. तोंगच्या या सगळ्या विवेचनातून त्याने एवढेच उचलले की हलणे वाईट. संध्याकाळी खांबावरच्या लाउडस्पीकरमधून त्याचा आवाज खोऱ्यात घुमला: उद्या विमान डोक्यावर आले की ज्याने त्याने जागच्या जागी स्थिर उभे राहावे, हलल्यास फोटो बिघडतात, सर्वांनी सहकार्य करावे. तोंग तेव्हा शेजारच्या गावी मुक्कामाला गेली होती, त्यामुळे ही सूचना दुरुस्त करणारे कोणी नव्हते.

त्या दिवशी अंगणात तोंगसमोर झालेल्या सभेत हद्दीचाही निर्णय झाला होता. जुन्या घरांची हद्द आमच्याकडे भिंतीपाशी संपत नाही. छपराची वळचण भिंतीच्या पुढे येते, तिच्यावरून पागोळ्या गळतात, आणि पागोळी जिथे जमिनीवर पडते तिथवर जागा त्या घराची, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे. तोंगने तो मान्य केला. मात्र एक अट घातली. ज्या दोन घरांमध्ये हद्द असेल त्या दोन्ही घरांच्या माणसांनी एकत्र येऊन जागेवर बोट दाखवायचे. दोघांचे बोट एका ठिकाणी पडले की तीच रेषा ती कायम करणार.

ही सगळी सभा चालू असताना शुनफा फाटकाबाहेर फोनवर बोलत होता. त्याने नवी मोटार घेतली होती आणि ती दारात कधी येणार याचीच त्याला चिंता होती. तिरक्या डोळ्यांविषयी त्याने एक अक्षर ऐकले नाही.

शुनफा कोण, हे सांगायला हवे. माझ्या चुलतभावंडांतल्या दुसऱ्याचा तो मुलगा. विटा-सिमेंटचा पुरवठा करून त्याने बरे कमावले आणि चार मजली घर बांधले. दर्शनी बाजूस चकचकीत फरशा, सोनेरी फाटक, आणि दोन जाडजूड खांब, ज्यांच्यावर काहीही उभे नाही. वरच्या मजल्यांना खिडक्यांच्या काचा अजून बसलेल्या नाहीत. या घराला लागून चौथ्या भावाचे जुने घर आहे. चौथा भाऊ वारला. आता तिथे त्याची बायको, श्यांग चायफंग, एकटी राहते. भावंडांच्या क्रमाने मी तिला चौथ्या वहिनी म्हणतो आणि ती मला सहावे भावजी. तिला मुलगा नाही. मुलगी हुएलान लग्न होऊन दक्षिणेकडे कारखान्यात कपडे शिवते.

वहिनींच्या घराच्या भिंती कुटलेल्या मातीच्या आहेत. लाकडी साच्यात ओली माती भरून, मोगरीने ठोकून, थरावर थर चढवून ती भिंत उभी केली तेव्हा मीही त्या ठोकणाऱ्यांत होतो. अशी भिंत शंभर वर्षे टिकते, परंतु एकाच अटीवर: तिच्या अंगावर पाऊस पडता कामा नये. म्हणूनच वळचण हातभर, कधी दीड हात बाहेर काढायची. वळचण गेली की भिंत पावसात साखरेच्या खड्यासारखी विरत जाते आणि वसंतातल्या दीर्घ झडीत एखाद्या रात्री खाली बसते. हे आमच्या गावात कोणाला शिकवावे लागत नाही.

शुनफाच्या भिंतीची आणि वहिनींच्या पागोळीची मधली जागा अगदी अरुंद. तेवढ्यातून हातगाडी जाते, मोटार जात नाही. वळचणीखालची पट्टी त्यात धरली तर मात्र मोटार थेट मागच्या परसात नेता येते. त्याला ती पट्टी हवी होती, आणि वहिनींचे घर त्या पट्टीवरच्या वळचणीवाचून उभे राहू शकत नव्हते. सारा प्रश्न एवढाच होता.

ड्रोन उडाला त्या दिवशी आकाश निरभ्र होते. मी अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या परतत होतो. डोक्यावर गांधीलमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखा आवाज आला, आणि सूचना आठवून मी हातात खराटा धरून पुतळ्यासारखा उभा राहिलो. समोरच्या बांधावर आणखी दोघे तसेच उभे होते. एकाचा पाय चिखलात होता आणि तो तिथेच ठेवून तो आभाळाकडे पाहत होता. सर्व खोरे असे थिजलेले मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. आवाज दूर गेला, परत आला, पुन्हा गेला. आम्ही हललो नाही.

दुपारी वहिनी संत्र्यांच्या बागेतून परतल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी मला हाक मारली. हाकेत घाई नव्हती, म्हणूनच मी घाईने गेलो.

शुनफाच्या बाजूची वळचण नाहीशी झाली होती. कौले उतरवून भिंतीशी नीट रचून ठेवली होती, जणू काम करणारा मोठा सज्जन होता. वासे करवतीने भिंतीलगत कापले होते आणि त्यांची पांढरीशुभ्र टोके तोडलेल्या हाडांसारखी ओळीने बाहेर दिसत होती. खाली, जिथे कालपर्यंत वहिनींच्या सरपणाच्या मोळ्या होत्या, तिथे विटांचा एक खोका उभा होता. विटांमध्ये सिमेंट नव्हते, नुसत्या एकीवर एक. वर सिमेंटचा पत्रा, पुढे प्लास्टिकचा पडदा. मी पडदा बाजूला केला. आत फरशीवर संडासाचे भांडे ठेवले होते. त्याखाली खड्डा नव्हता, नळी नव्हती, काही नव्हते.

"हे कशासाठी?" मी विचारले.

"जागा त्याच्या वापरात आहे, हे वरून दिसावं म्हणून," वहिनी म्हणाल्या. "मला फाटकावर भेटला. म्हणतो, काकू, तुमची वळचण कुजली होती, डोक्यात पडली असती कुणाच्या. म्हणतो, आता पागोळीच नाही तर पागोळीची हद्द कुठली."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार भावजी. तोंडात सुपारी होती त्याच्या. लाल लाळ हनुवटीवर आली होती, ती पुसत बोलत होता. मला बघवेना."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोक्याचा वापरही झाला. खड्डा नसलेल्या भांड्याचा वापर झाल्यावर काय होते ते मी लिहिणार नाही. वहिनींच्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला आहे. मी गेलो तेव्हा त्या खिडकी बंद करून, दिवा लावून, भर सकाळी अंधारात भाजी चिरत होत्या. शुनफाच्या घरात प्रत्येक मजल्यावर फरशी लावलेले संडास आहेत. आपली वहिवाट सिद्ध करण्यासाठी तो चार मजले उतरून आला होता. मी आयुष्यभर मुलांना शिष्टाचार शिकवला. माणूस हव्यासापोटी कुठवर उतरतो याचे मोजमाप मात्र त्या सकाळपर्यंत मला ठाऊक नव्हते.

काही दिवसांनी तोंग सगळी चित्रे जुळवून परत आली. कुलमंदिरात पांढरी चादर ताणून तिने प्रोजेक्टर लावला. गाव जमले. स्त्रिया बाकांवर, पुरुष उभे, पाट्यांसमोर उदबत्त्या जळत होत्या.

चादरीवर आमचे खोरे उगवले, आणि मला हे सांगितलेच पाहिजे की ते पाहून माझे हात आपोआप जोडले गेले. पक्ष्याने फेर धरावा तसे ते दृश्य वळत होते. कुलमंदिराच्या आढ्याची दोन्ही उचललेली टोके, नदीचा बाक, संत्र्यांचे मळे, प्रत्येक घराच्या चारी भिंती. इथल्या मातीत झोपलेल्या पितरांनीही आपले गाव असे सर्वांगाने कधी पाहिले नसेल. झाडे मात्र वितळलेल्या मेणबत्त्यांसारखी होती आणि तळ्याच्या जागी काळे भोक होते. तोंग म्हणाली की पाण्यावर यंत्राची नजर ठरत नाही.

लोकांची करमणूक सुरू झाली. कोणाच्या तरी घरामागे लपवून बांधलेला डुकरांचा गोठा चादरीवर आला.

"हा कधी बांधलास रे?"

"बांधला नाही, आपोआप उगवला."

"आणि डुकरंही आपोआप?"

मग दृश्य वहिनींच्या घराकडे वळले आणि हसणे मंदावले. एका बाजूची वळचण अर्धी होती आणि अर्धी नव्हती. जिथे ती संपत होती तिथे, कौलांवर, काहीतरी वाढलेले होते. तोंगने ते जवळ आणले. तो माणूस होता. तापवलेल्या लाखेचा केलेला आणि पुरता थंड होण्यापूर्वी सोडून दिलेला असा. पाय कौलांत विरघळलेले, पाठीला पोक, एक हात लांबत जाऊन सपाट दातेरी पात्यासारखा झालेला. डोक्याच्या जागी पिवळा गोळा. तसे पिवळे हेल्मेट आमच्या गावात एकच माणूस घालतो.

तिरक्या डोळ्यांनी खालचा विटांचा खोकाही टिपला होता. वळचण न कापताही तो दिसलाच असता, असे तोंग सहज बोलून गेली.

वहिनींनीच विचारले, "मॅडम, याला तोंड का नाही?"

"मान खाली असेल, काकू. फारच थोड्या फोटोंत आलं असेल. पण माणूस एकाच जागी बराच वेळ स्थिर होता, म्हणून एवढा तरी उमटला. हलत राहिला असता तर पुसला गेला असता."

"बाओलिन," शुनफा मागून ओरडला, "तूच सांगितलंस ना हलू नका म्हणून."

तेव्हा मात्र सभागृह हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला वाटले, आता हसून झाले की कोणी तरी त्याला खडसावेल. हसून झाले. लोकांनी डोळे पुसले. आणि शुनफाही त्यांच्याबरोबर हसत पुढे आला.

"हसा, हसा. काकूंचं छप्पर दुरुस्त करत होतो मी. कुजलेले वासे होते. म्हाताऱ्या माणसाची काळजी घेतली तर गावात तमाशा होतो."

तोंगने बोटाने चादरीवरची वाशांची टोके दाखवली. "लाकूड तर पांढरं दिसतंय," एवढेच ती म्हणाली.

बाओलिनने घसा साफ केला. "मॅडम, हे चित्र वरच्या साहेबांकडे जाणार. ते भूत तेवढं काढता येईल का?"

"ते काढायचंच असतं. गाड्या, कुत्री, वाळत घातलेले कपडे, सगळं साफ करतो आम्ही. घराच्या मोजणीत माणूस येत नाही." तिने काही कळा दाबल्या. लाखेचा माणूस गेला, आणि त्याच्या जागी यंत्राने शेजारच्या कौलांचा तुकडा उचलून गुळगुळीत ठिगळ लावले. कापलेली वळचण तशीच राहिली. आता ती कोणी कापलेली नव्हती, तिचा आकारच तसा होता.

मग बाओलिनने तोंगला आग्रहाने जेवायला धाडले, आणि दार लोटून घेतले.

"काकू," तो वहिनींना म्हणाला, "एक हद्द अडली की सगळ्या गावाचे दाखले अडतात. तुमच्यामुळे गाव थांबलंय."

"माझ्यामुळे?"

"तुमच्या दोघांमुळे. पण शुनफा तयार आहे. तुम्ही भिंतीवर बोट ठेवा, तो भिंतीवर बोट ठेवतो, संपलं."

"आणि भिंत?"

"अहो, भिंतीला सिमेंटचा हात मारून देईन मी," शुनफा म्हणाला. "फुकट. घरच्याच सिमेंटचा."

मातीच्या भिंतीवर सिमेंट टिकत नाही, आतली ओल कोंडून ती अधिकच लवकर कोसळते, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते. तरी माना हलल्या. एक वृद्ध, ज्याच्याबरोबर मी लहानपणी नदीत पोहलो, तो म्हणाला, "वहिनी, मुलगी परक्या घरी. घर उद्या जाणार कुणाकडे? पुतण्याकडेच ना? मग आज दिलं काय, उद्या दिलं काय."

वहिनींची मान हलली नाही. तेव्हा शुनफाने आवाज चढवला. आणि जे बोलण्यासाठी दार लोटले होते ते अखेर बोलले गेले.

"काकू, स्पष्टच बोलतो. तुम्ही गेल्यावर पेटीपुढे तुमची तसबीर कोण धरणार? मुलगा नाही तुम्हाला. धरणार मीच. वाकणार मीच, गुडघे टेकणार मीच. त्याची काही किंमत आहे की नाही? की तुम्हाला तसबिरीवाचून डोंगरावर पुरायला न्यायचं?"

त्याने अंगणाकडे तोंड फिरवून तिथल्या चरात सुपारीची पिंक टाकली, आणि उत्तराची वाट पाहत उभा राहिला.

ज्यांना हे विधी परके आहेत त्यांना या वाक्यातला सडका वास कदाचित येणार नाही. मृत माणसाची तसबीर छातीशी धरून शवपेटीपुढे चालणे हे पुत्राचे काम. पुत्र नसेल तर पुतण्याने ते मागून घ्यायचे असते, हात जोडून, उपकार मागितल्यासारखे. तो मान असतो. जिवंत स्त्रीसमोर तिच्या मरणाचा सौदा मांडताना मी कुणाला पाहिले नव्हते, आणि तेही पितरांच्या पाट्यांपुढे, उदबत्ती जळत असताना. त्याहून अधिक किळस मला आली ती भोवतीच्या चेहऱ्यांची. कोणी नखे पाहत होता, कोणी सिगारेट शिलगावत होता. शुनफा ओंगळ होता, हे त्याने स्वतःच्या हाताने फरशीवर सिद्ध केले होते. ही माणसे मात्र स्वच्छ कपडे घालून आली होती.

"हे इथे बोलू नकोस," मी म्हणालो.

"सहावे काका," बाओलिन सौम्यपणे म्हणाला, "तुम्ही विधी सांगा. व्यवहार आम्हाला बघू द्या."

वहिनी उठल्या. पाट्यांना नमस्कार केला. "उद्या सकाळी मॅडमना जागेवर आणा. तिथे दाखवीन बोट."

दुसऱ्या सकाळी अर्धे गाव त्या बोळात जमले. नाकाला रुमाल लावून तोंग हातातल्या यंत्राच्या पडद्यावर नकाशा उघडत होती. तो वास खरोखर असह्य होता. ऊन वर येत होते आणि खोक्याच्या तळातून काळपट ओघळ निघून वहिनींच्या भिंतीच्या पायाशी साचला होता. माश्या होत्या. बाओलिनने आणलेल्या पाकिटांतल्या सिगारेटी लोकांनी वासावर उतारा म्हणून ओढायला घेतली.

"काकू, बोट," बाओलिन म्हणाला.

"इथे पाय कसा ठेवू?" वहिनी म्हणाल्या. "आधी ते धुऊन काढ, शुनफा."

"नंतर काढतो की."

"मग नंतर दाखवते."

शुनफाने बाओलिनकडे पाहिले, बाओलिनने मान हलवली. शुनफा घरात गेला, बादली आणि खराटा घेऊन आला. नव्या बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. पडदा काढला, पत्रा उतरवला, विटा खाली ठेवल्या, भांडे उचलून परसात नेले. मग साऱ्या गावासमोर तो आपली घाण आपल्या हाताने धुऊ लागला. एक बादली पुरली नाही. तो परत परत हातपंपाकडे गेला.

"त्या कोपऱ्यात राहिलं," वहिनी सांगत होत्या. "अजून पाणी घे. भिंतीवर उडवू नकोस, माती आहे ती."

"हो काकू."

"खराटा उभा धर."

कोणी हसले नाही. फरशी ओली, लख्ख झाली. दगडांत पागोळ्यांनी पाडलेले खळगे पाण्याने भरून आले, एका ओळीत, वाशांच्या कापलेल्या टोकांपासून हातभर पुढे. शुनफा कपाळ पुसत बाजूला झाला आणि सुनेने सासूला पाट द्यावा तशा आदबीने म्हणाला, "या काकू."

वहिनी गेल्या आणि त्या खळग्यांवर उभ्या राहिल्या. "इथे," त्या म्हणाल्या.

"काकू, आपलं ठरलं होतं भिंतीचं," बाओलिन म्हणाला.

"तुमचं ठरलं होतं. मॅडम, त्याचं बोट भिंतीवर, माझं इथे. मग काय करतात?"

"मग ही रेषा वादग्रस्त म्हणून लिहितात," तोंग म्हणाली. "वाद मिटेपर्यंत या दोन घरांना दाखला नाही. मधल्या पट्टीत दोघांनीही नवं काही बांधायचं नाही."

"आणि गावाचे दाखले?"

"गावाचा काय संबंध? त्यांना मिळतील." तिने बाओलिनकडे पाहिले. तो आपल्या बुटांकडे पाहत होता.

"माझी वळचण?"

"ती नवी नाही. कापलेली दिसतेच आहे. दुरुस्तीला बंदी नाही, काकू."

"तर मग लिहा वादग्रस्त. मला दाखला नको. माझ्या भिंतीला छप्पर पाहिजे."

शुनफाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तांबडा झाला. "मग तसबिरीचं बघा तुमचं तुम्ही. मी नाही धरणार."

"माझी हुएलान धरील."

"मुलगी?" नदीत पोहणारा माझा तो सोबती म्हणाला. "परक्या घरची मुलगी पेटीपुढे? असं झालंय कधी?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी काही मागितले नाही.

"विधी मी सांगतो," मी म्हणालो. "मी तिला पुढे उभी करीन."

"मग तुम्ही विधी सांगणार नाही, काका," बाओलिन म्हणाला. त्याच संध्याकाळी त्याने माणूस पाठवून कुलमंदिराची किल्ली माझ्याकडून नेली. मी ती पुसून दिली. पाट्यांना शेवटचा नमस्कार करायला जावे असे मनात होते, परंतु अंगणातली ती पिंक कोणी धुतली असेल असे मला वाटेना, आणि मी गेलो नाही.

डोंगरापलीकडच्या गावातून सुतार आणला. आमच्या गावातला म्हणाला, त्याला वेळ नाही. नव्या वाशांचे जोड जुन्यांना पट्ट्या ठोकून बसवले, रचून ठेवलेली कौले पुन्हा चढवली. वहिनी खाली उभ्या राहून एकेक कौल फडक्याने पुसून वर देत होत्या.

वळचण पुरी झाली की घरधनिणीने जेवण घालायचे, ही आमची रीत आहे. ते जेवण कामाला हात लावणाऱ्यांसाठी असते. हात फक्त सुताराने, त्याच्या मदतनीसाने आणि थोडाफार मी लावला होता. वहिनींनी धुरावलेले मांस मिरच्यांबरोबर परतले, टोफू केला, घरची तांदळाची दारू काढली. पहिला वास बाहेर गेला आणि मंडळी येऊ लागली. बाओलिन आला, तो नदीतला सोबती आला, नखे पाहणारे आले. अखेरीस शुनफा आला. फटाक्यांची माळ घेऊन. त्याने ती नव्या वळचणीखाली स्वतःच्या हाताने पेटवली आणि धूर निवल्यावर वर पाहत म्हणाला, "काम झकास झालंय, काकू. मी असतो तर स्वस्तात करून दिलं असतं."

ते बसले. बाओलिनने प्याला उंचावून शेजारधर्मावर चार शब्द सांगितले. वहिनी वाढत होत्या. त्यांनी शुनफाच्याही वाटीत मांस घातले, चांगले, चरबीचे. तो आधीची सुपारी गालात एका बाजूला सारून खाऊ लागला. चावताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात तेल आणि तांबडी लाळ एकत्र येत होती. शेजारचा त्याच्या पाठीवर थाप मारून काहीतरी सांगत होता आणि दोघेही तोंड भरलेले असताना हसत होते.

मी वाटीवर जेवायच्या काड्या आडव्या ठेवल्या.

वहिनी मागून आल्या, माझ्या वाटीत भात घातला आणि हळूच म्हणाल्या, "जेवा भावजी. सकाळपासून शिडीवर होतात."

"वहिनी, यांच्या पंगतीत मला खाववत नाही."

"यांच्याकडे कशाला बघता? पाठ फिरवून बसा." त्यांनी माझा स्टूल हाताने धरून थोडा वळवला. "भिंतीकडे बघून जेवा. कोरडी आहे."